खेळाचे चित्रमुद्रण किती ठिपक्यांचे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या यंत्रातून गोष्ट सांगितली जाते, ते यंत्र आमच्याही अभ्यासाच्या कक्षेत येते, असे मला वाटते. टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल आज अनेक घरांत आहे. नुसते खेळून न थांबता त्या खेळाचे चित्रमुद्रण करावे, त्यावर आपल्या बोलीत समालोचन करावे आणि ते चार जणांना दाखवावे, ही हौसही वाढते आहे. मलाही ती आहे. या हौसेत नव्याने पडणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो हा : “रेकॉर्डिंग कितीवर ठेवू? ७२०, १०८०, की फोर-के?” “सगळ्यांत मोठे ठेव” हे उत्तर देणे सोपे आहे, पण बहुतेक वेळा ते चुकीचे असते. का, ते पाहू.

पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच होय. ७२०, १०८० हे आकडे उभ्या बाजूने किती ठिपके आहेत ते सांगतात. ७२० च्या चित्रात १२८० गुणिले ७२०, म्हणजे सुमारे ९ लाख २१ हजार ठिपके असतात. १०८० च्या चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार आणि फोर-केमध्ये सुमारे ८२ लाख ९४ हजार. म्हणजे १०८० वरून फोर-केवर गेलो, की ठिपके दुप्पट नव्हे, चौपट होतात. शिवाय दर सेकंदाला अशी ३० किंवा ६० चित्रे टिपावी लागतात. एवढा पसारा जसाच्या तसा साठवणे कोणालाच परवडत नाही, म्हणून यंत्र चित्र दाबून लहान करते. एका सेकंदासाठी किती माहिती खर्च करायची, याला बिटरेट म्हणतात. खरी ग्यानबाची मेख येथेच आहे. ठिपके वाढवले आणि बिटरेट तोच ठेवला, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला कमी माहिती येते. पाऊस, गवत, वेगाने वळणारी मोटार अशी दृश्ये आली, की मग चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. अशा वेळी ७२० चे स्वच्छ चित्र १०८० च्या फाटक्या चित्रापेक्षा डोळ्यांना सुखद वाटते.

आता हिशेब मांडू. यूट्यूबने चित्रफिती चढवणाऱ्यांसाठी बिटरेटचे आकडे सुचवले आहेत. सेकंदाला ६० चित्रे धरली, तर ते ७२० साठी साडेसात मेगाबिट, १०८० साठी १२ आणि फोर-केसाठी ५३ ते ६८ मेगाबिट असे आहेत. मेगाबिटला साडेसातने गुणले, की एका मिनिटाला किती एमबी लागतील ते कळते. त्यानुसार दहा मिनिटांचा खेळ ७२० वर सुमारे ५६० एमबी, १०८० वर ९०० एमबी आणि फोर-केवर ४ ते ५ जीबी होतो. घरच्या इंटरनेटचा चढता वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल, तर १०८० ची फीत १२ मिनिटांत चढेल. ४ जीबीची फीत चढायला ५३ मिनिटे लागतील.

हे झाले आपल्या बाजूचे. पाहणाऱ्याचे काय? माझा मामेभाऊ तालुक्याच्या गावी राहतो. त्याच्या मोबाईलला दिवसाला दीड जीबी मिळते आणि त्यातच त्याचा अभ्यासही असतो. त्याला मी ९०० एमबीची फीत थेट पाठवली, तर त्याचा दिवसाचा निम्म्याहून अधिक शिधा मी एकट्याने खाल्ला असे होईल. त्यामुळे थेट पाठवायची फीत मी ७२० वरच ठेवतो. मोबाईलच्या वीतभर पडद्यावर ती पुरेशी स्वच्छ दिसते. यूट्यूबवर मात्र १०८० ची चढवतो, कारण तेथे लहान आवृत्त्या आपोआप तयार होतात आणि पाहणारा आपल्या ऐपतीप्रमाणे निवड करू शकतो.

कन्सोल मुळात काय देतो, तेही पाहिले पाहिजे. २०१७ साली आलेल्या निन्टेन्डो स्विचचे अंगभूत चित्रमुद्रण ७२० चे आणि तेही शेवटच्या ३० सेकंदांचेच असते. त्याहून अधिक हवे असेल, तर वेगळे कॅप्चर कार्ड घ्यावे लागते. प्लेस्टेशन ५ मध्ये १०८० आणि फोर-के असे दोन्ही पर्याय आहेत. परंतु अनेक खेळ आतून कमी ठिपक्यांचे चित्र काढून ते ताणून फोर-के करतात. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार?

जुन्या खेळांची गंमत वेगळी. १९९० च्या दशकात आपल्याकडे कॅसेट घालून खेळायचे जे व्हिडिओ गेम आले, त्यांतील बरेचसे निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्याचे चित्र २४० ठिपके उंचीचे. २४० ची तिप्पट ७२०, आणि नऊपट २१६०, म्हणजे फोर-के. १०८० मात्र साडेचारपट होते. अर्ध्या ठिपक्याची वाटणी होत नाही, म्हणून पडदाभर ताणल्यास काही ठिपके जाड व काही बारीक दिसतात. अशा खेळाला ७२० हेच माप नेमके बसते.

आता वेगाचा विचार. ७२० ची ६० चित्रे आणि १०८० ची ३० चित्रे यांत सेकंदाला लागणारे ठिपके जवळजवळ सारखेच, अनुक्रमे साडेपाच व सव्वासहा कोटींच्या आसपास असतात. म्हणून फुटबॉल, शर्यत, मारामारी असेल तर मी पहिला पर्याय घेतो, कारण तेथे हालचाल महत्त्वाची. संवाद वाचत, हिंडत उलगडणारा कथाप्रधान खेळ असेल तर दुसरा घेतो. ७२० वर बारीक अक्षरे पुसट होतात आणि वाचता न आलेली गोष्ट ही गोष्टच नव्हे.

फोर-केला माझा विरोध नाही. मोठ्या पडद्यावर पाहायचे असेल, पुढे संकलनात चित्राचा एखादा भाग मोठा करायचा असेल किंवा खेळ संग्रही ठेवायचा असेल, तर ते जरूर घ्यावे. एरवी १०८० पुष्कळ झाले.

जागेची काटकसर करताना आवाजावर मात्र कात्री चालवू नये. चित्राला १२ मेगाबिट लागत असतील, तर आवाजाला त्याचा तिसावा भागही पुरतो. चित्र थोडे पुसट असले, तर प्रेक्षक निभावून नेतो. बोलणेच कळेनासे झाले, की तो उठून जातो. आपल्या भाषेतले समालोचन ऐकण्यासाठी जो येतो, त्याच्यापर्यंत ते पोचेल आणि त्याला परवडेल, तेच माप योग्य. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच; येथे मात्र अंथरूण आपले नव्हे, पाहणाऱ्याचे पाहावे.