पेटते पाय

वर्गात एखादे मूल सारखे बूट-मोजे काढून पाय थंड फरशीवर टेकवते. आपण शिस्तीबद्दल बोलतो. पण आधी त्याचे पाय पाहावेत. ‘एरिथ्रोमेलाल्जिया’ या विरळा विकारात नुसत्या उबेने किंवा चालण्याने पाय लालबुंद होतात, हाताला गरम लागतात आणि निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात. अमेरिकन डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७८ साली त्याला हे नाव दिले.

आनुवंशिक प्रकाराचे कारण २००४ साली चीनमधील संशोधकांना सापडले. वेदनेचा संदेश नेणाऱ्या चेतापेशींच्या पटलात सोडियमचे आयन आत सोडणारी सूक्ष्म दारे असतात. एका जनुकातील बिघाडामुळे त्यांपैकी एक दार क्षुल्लक कारणानेही उघडते, आणि जखम नसतानाही मेंदूकडे वेदनेचे संदेश जातात. गंमत अशी, की हेच जनुक पूर्ण निकामी झालेली काही पाकिस्तानी कुटुंबांतील मुले २००६ साली प्रकाशात आली. त्यांना वेदनाच होत नव्हती!

काही रुग्णांत मूळ कारण रक्तपट्टिकांची वाढ हे असते; तेथे ॲस्पिरिन गुणकारी ठरते. इतरांचे औषध मात्र चाचपडतच शोधावे लागते. पंखा, पाय उंचावर ठेवणे, हे उपाय बरे. बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास पाय बुडवण्याचा मोह अनावर होतो, पण त्याने कातडी कुजते, व्रण पडतात.