एंजिन केवढे हवे?

जर्मनीतील जुन्या मोटारींच्या बाजारात एक प्रश्न हमखास विचारला जातो. गाडी तीच, दारे तीच, चाकेही तीच. पण एंजिने मात्र तीन आकारांची. मग यांपैकी कोणते घ्यावे? मोठे घेतले तर इंधन आणि कर यांत पैसा जाईल काय? लहान घेतले तर गाडी चढणीवर धापा टाकील काय? गिऱ्हाइकाचे साठवलेले पैसे पणाला लागलेले असतात आणि विकणारा तर आपल्याजवळच्या गाडीचीच तारीफ करणार! अशा वेळी शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान फार उपयोगी पडते. कसे ते आपण एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

मर्सिडीज-बेंझ कंपनीने १९७६ ते १९८५ या काळात गाड्यांची एक मालिका विकली. तिचे कारखान्यातील नाव 'डब्ल्यू १२३'. अशा सुमारे २७ लाख गाड्या तयार झाल्या. जर्मनीत टॅक्सी म्हणूनही त्या खूप वापरल्या गेल्या. दणकट असल्यामुळे त्यांतील पुष्कळ गाड्या आजही रस्त्यावर आहेत. या मालिकेतील टर्बो नसलेल्या तीन डिझेल गाड्यांची १९७९ च्या अखेरीस असलेली माहिती अशी :

२०० डी : चार सिलिंडर, १,९८८ घन सें.मी., ६० अश्वशक्ती (४४ किलोवॅट)
२४० डी : चार सिलिंडर, २,३९९ घन सें.मी., ७२ अश्वशक्ती (५३ किलोवॅट)
३०० डी : पाच सिलिंडर, २,९९८ घन सें.मी., ८८ अश्वशक्ती (६५ किलोवॅट)

यांतील मधले एंजिन आपल्याला परके नाही. पुण्याजवळ आकुर्डी येथील बजाज टेम्पो कंपनीने (हिचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स) याच जातीचे 'ओ. एम. ६१६' एंजिन जर्मन कंपनीच्या परवान्याने बनवले. खेडोपाडी उतारू वाहणाऱ्या 'ट्रॅक्स' गाडीत ते बसवले जात असे.

आकड्याचा अर्थ

घन सेंटिमीटरचा आकडा म्हणजे एंजिनाचे बाहेरून दिसणारे आकारमान नव्हे. सिलिंडरमध्ये दट्ट्या खालीवर धावताना जेवढी जागा व्यापतो व सोडतो, तेवढे ते घनफळ. २४० डी च्या सिलिंडरचा व्यास ९०.९ मि.मी. आणि दट्ट्याची धाव ९२.४ मि.मी. आहे. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून पाहा. एका सिलिंडरचे घनफळ जवळजवळ ६०० घन सें.मी. येते. त्याची चौपट केली की २४० डी आणि पाचपट केली की ३०० डी! म्हणजे थोरल्या एंजिनात निराळे काही नाही. तसलाच एक सिलिंडर जास्त आहे, इतकेच.

आता अश्वशक्तीला लिटरने भागा. तिन्ही एंजिनांत दर लिटरला सुमारे ३० अश्वशक्ती मिळते. असे का व्हावे? इंधन जाळायला हवा लागते, आणि टर्बो नसलेले एंजिन आपल्या सिलिंडरांत मावेल तेवढीच हवा ओढून घेऊ शकते. तिन्ही एंजिने आपली कमाल शक्ती मिनिटाला ४,४०० फेऱ्यांना देतात. चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. तेव्हा २४० डी मिनिटाला २,२०० × २.४, म्हणजे सुमारे ५,३०० लिटर हवा घेते. जितकी हवा जास्त, तितके इंधन जास्त आणि तितकी शक्ती जास्त.

कमाल वेगाचे कोडे

२०० डी पेक्षा ३०० डी ची शक्ती जवळजवळ दीडपट आहे. मग तिचा वेगही दीडपट असेल काय? कंपनीने दिलेले कमाल वेग पाहा : ताशी १३५, १४३ आणि १५५ कि.मी. शक्ती ४७ टक्क्यांनी वाढली, पण वेग जेमतेम १५ टक्क्यांनी!

याचे कारण हवेचा विरोध. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजे ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने पाहिले तर वेग शक्तीच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढला पाहिजे. ७२ भागिले ६० म्हणजे १.२, त्याचे घनमूळ १.०६३, त्याने १३५ ला गुणले की १४३.५ येतात. ३०० डी साठी हेच गणित केले की १५३ येतात. गणित आणि प्रत्यक्ष आकडे किती जवळ आले पाहा. केवळ कमाल वेगासाठी मोठे एंजिन घेणे हा महागाचा सौदा आहे.

मग मोठे एंजिन कशासाठी?

सपाट रस्त्यावर ताशी १०० कि.मी. वेगाने जाताना हवेचा विरोध सुमारे ४२० न्यूटन व चाकांचा विरोध सुमारे १९० न्यूटन धरा. एकूण ६१० न्यूटनला सेकंदाला २७.८ मीटर या वेगाने गुणले की सुमारे १७ किलोवॅट होतात. हे काम तिन्ही एंजिने सहज करतात. मोठ्या एंजिनाचा खरा उपयोग दोन प्रसंगी होतो : वेग वाढवताना आणि चढण चढताना.

चालकासह १,५०० किलोग्रॅमची गाडी ताशी १०० कि.मी. वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ५.८ लाख ज्यूल असते. ४४ किलोवॅटच्या एंजिनाने आपली सारी शक्ती प्रत्येक क्षणी दिली, तरी ही ऊर्जा द्यायला १३ सेकंद लागतील. ५३ किलोवॅटला ११ व ६५ किलोवॅटला ९ सेकंद लागतील. प्रत्यक्षात या गाड्यांना सुमारे २७, २२ आणि १८ सेकंद लागत. म्हणजे गणिताच्या दुप्पट. कारण उघड आहे. एंजिन कमाल शक्ती एका ठरावीक फेऱ्यांनाच देते, गिअर बदलताना वेळ जातो, आणि हवा व घर्षण यांनाही वाटा द्यावा लागतो. जर्मनीच्या महामार्गांवर पुष्कळ ठिकाणी वेगमर्यादा नसते. बाजूच्या रस्त्याने येऊन भरधाव गाड्यांच्या रांगेत शिरायचे असते, तेव्हा हे नऊ सेकंद चैनीचे नसून सुरक्षिततेचे असतात.

आता चढण घेऊ. दर १०० मीटरला ६ मीटर चढ आहे, आणि पाच माणसे व सामान धरून गाडीचे वस्तुमान १,८०० किलोग्रॅम आहे, असे समजा. ताशी ८० कि.मी. वेगाने चढायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २३.५ किलोवॅट, हवेसाठी ६ व चाकांसाठी ५, असे एकूण सुमारे ३४.५ किलोवॅट लागतात. गिअरपेटी आणि आस यांत दहावा भाग वाया जातो असे धरले, तर योग्य गिअरमध्ये २०० डी च्या चाकांना जास्तीत जास्त ४० किलोवॅट मिळतात. २४० डी ला ४८ आणि ३०० डी ला ५८. तिन्ही गाड्या चढतील. पण २०० डी जवळ शिल्लक फक्त साडेपाच किलोवॅट राहील. मोठे एंजिन म्हणजे ही शिल्लक. आपोआप गिअर बदलणारी पेटी असेल, तर तीही आपला हिस्सा घेते. तेव्हा लहान एंजिन आणि आपोआप गिअर ही जोडी टाळलेलीच बरी.

इंधन आणि कर

एंजिन दीडपट म्हणून इंधनही दीडपट जळते, हा समज चुकीचा आहे. सपाट रस्त्यावर गाडीला लागणारे १७ किलोवॅट एंजिनाच्या आकारावर अवलंबून नाहीत. ते गाडीचा आकार, वजन आणि वेग यांवर अवलंबून आहेत. फरक पडतो तो मोठ्या एंजिनातील जादा घर्षणामुळे आणि थोड्या जादा वजनामुळे. शहरात गाडी वारंवार थांबत असेल, तर हा फरक जास्त जाणवतो.

जर्मनीत कर मात्र घनफळावर असतो. धूर शुद्ध करण्याची सोय नसलेल्या जुन्या डिझेल गाडीला दर १०० घन सें.मी. ला वर्षाला ३७.५८ युरो पडतात. म्हणजे २०० डी ला सुमारे ७५२ आणि ३०० डी ला सुमारे १,१२७ युरो. पण ३० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात चांगली जपलेली गाडी असेल, तर तिला 'एच' अक्षराची ऐतिहासिक नंबरपाटी मिळू शकते. मग एंजिन केवढेही असो, कर १९१.७३ युरोच. जुन्या डिझेलच्या धुरात काजळी फार असते, म्हणून अनेक जर्मन शहरांच्या मध्यभागी अशा गाड्यांना बंदी आहे. 'एच' पाटीच्या गाड्यांना त्यातून सूट मिळते. म्हणजे पाटी मिळाल्यावर कराचा प्रश्न निवडीतून बाजूलाच पडतो.

सगळ्यांत महत्त्वाचे

वरचे सर्व आकडे नव्या एंजिनाचे आहेत. आपण मात्र चाळीस वर्षांचे एंजिन घेणार आहोत! झिजेमुळे शक्ती १५ टक्क्यांनी घटली असे समजू. मग २४० डी च्या चाकांना सुमारे ४०.५ किलोवॅट मिळतील. म्हणजे धडधाकट २०० डी एवढेच. २०० डी ला ३३.७ मिळतील आणि वरच्या चढणीवर ती ताशी ८० चा वेग राखू शकणार नाही. घट २५ टक्के असेल, तर ३०० डी देखील धडधाकट २४० डी च्या मागे पडेल. गाडीच्या पाठीवरचा आकडा जन्माच्या वेळची ताकद सांगतो, आजची नव्हे.

आजची ताकद कशी ओळखावी? डिझेल एंजिनात ठिणगी नसते. हवा तिच्या मूळ जागेच्या सुमारे एकविसाव्या भागात दाबली जाते, त्यामुळे ती अतिशय तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. दट्ट्याच्या कड्या झिजल्या की हवा फटींतून निसटते, दाब कमी पडतो आणि तापमान पुरेसे चढत नाही. गारठलेले एंजिन सुरू व्हायला तेव्हा फार कुरकुर करते. म्हणून जाणकार ग्राहक थंडीच्या सकाळी जातो आणि आधी एंजिनाला हात लावून पाहतो. ते कोमट लागले तर विकणाऱ्याने ते अगोदरच चालवून ठेवले आहे, असे समजावे. मग कारागिराकडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. सगळ्या सिलिंडरांचे आकडे पुरेसे मोठे आणि एकमेकांच्या जवळ असणे ही चांगल्या प्रकृतीची खूण. गंजलेला पत्रा तर कोणत्याही एंजिनाने भरून निघत नाही.

तेव्हा क्रम असा : पहिल्याने प्रकृती, मग काम आणि शेवटी आकार. सपाट शहरात एकदोन माणसांसाठी निरोगी २०० डी पुरे. कुटुंब आणि सामान घेऊन डोंगरातून जायचे असेल तर २४० डी, आणि लांबचे महामार्ग किंवा आपोआप गिअर असेल तर ३०० डी. पण झिजलेले थोरले आणि निरोगी धाकटे यांत निवड करायची असेल, तर धाकटे घ्यावे.

एक गणित तुमच्यासाठी. शेजारच्या दोन मोटारसायकलींची कमाल शक्ती आणि कमाल वेग त्यांच्या माहितीपुस्तिकेतून लिहून घ्या. शक्तींच्या गुणोत्तराचे घनमूळ काढा आणि ते वेगांच्या गुणोत्तराशी ताडून पाहा. उत्तर जुळले तर का, आणि जुळले नाही तर का, याचा वर्गात विचार करा.