एएम की पीएम? वेळ लिहिताना एवढं पाहा



आपल्या एका गटाच्या चौघी जणी पापड-मसाल्याचे खोके घेऊन प्रदर्शनाला निघाल्या. रेल्वेच्या तिकिटावर तारीख 16 आणि वेळ 00:20 होती. त्या 16 तारखेला रात्री जेवणं उरकून स्टेशनवर गेल्या, तर गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली! तिकिटाचे पैसे गेले आणि स्टॉलचा पहिला दिवसही बुडाला. म्हणून आज हे समजून घेऊ.

आपण पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र म्हणतो. इंग्रजीत एएम आणि पीएम असे दोनच भाग आहेत. हे शब्द मूळ लॅटिन भाषेतले. एएम म्हणजे मध्यान्हाच्या आधी, पीएम म्हणजे मध्यान्हानंतर.

• मध्यरात्री 12 पासून दुपारी 12 वाजेपर्यंत एएम. पहाटे 4 म्हणजे 4 एएम.
• दुपारी 12 पासून मध्यरात्रीपर्यंत पीएम. संध्याकाळी 6 म्हणजे 6 पीएम.

खरा घोळ 12 चा. दुपारचे 12 म्हणजे 12 पीएम आणि मध्यरात्रीचे 12 म्हणजे 12 एएम. बैठकीच्या निरोपात ‘12 एएम’ लिहिलं, तर बायकांनी मध्यरात्री यायचं का? त्यापेक्षा सरळ ‘दुपारी 12 वाजता’ लिहावं. ‘सकाळी 10 एएम’ असं दोनदाही लिहू नये. ‘सकाळी 10’ किंवा ‘10 एएम’, एकच पुरे.

रेल्वेचं घड्याळ 24 तासांचं असतं. दुपारी 1 पासून पुढे 12 मिळवायचे: 2.30 पीएम म्हणजे 14:30. मध्यरात्री 00:00 होतं आणि तारीख बदलते. म्हणून 16 तारखेची 00:20 ची गाडी पकडायची, तर 15 तारखेला रात्रीच घर सोडायचं.

ऑनलाइन अर्जाची मुदत बऱ्याचदा 11:59 पीएम अशी देतात. म्हणजे त्या तारखेला रात्री 12 वाजायच्या आधीपर्यंत. पण शेवटच्या रात्री रेंज जाते, म्हणून अर्ज दोन दिवस आधीच भरा.

इतिवृत्तात आणि निरोपात तारीख, वार आणि वेळ तिन्ही लिहा. वार लिहिला की चूक लगेच लक्षात येते. पुढच्या बैठकीत सचिव ताईंनी हे एकदा सगळ्यांना वाचून दाखवावं आणि प्रत्येकीकडून एक-एक वेळ लिहून घ्यावी.