बावन्न पानं (भाग 7) : पहिल्या तासातले एक्के

मागच्या आठवड्यात पोकर स्पर्धेची रचना पाहिली. सगळ्यांना सारख्या चिप्स, ठरावीक वेळानं वाढत जाणारे ब्लाइंड (पानं बघण्याआधीच दोघांनी टाकायच्या सक्तीच्या लहान-मोठ्या चिप्स), आणि चिप्स संपल्या की माणूस बाहेर. आज फक्त पहिल्या तासाबद्दल. तुमच्यापुढे 20,000 चिप्स जवळपास जशाच्या तशा आहेत, ब्लाइंड अजून 50 आणि 100 वर आहेत, आणि हातात एक्क्यांची जोडी आली आहे.

धामणगावात तीन पत्ती बघत मोठ्या झालेल्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. "दबून बस बापा, कोनाले मालूम पडू देऊ नको." बडनेरा-वर्धा पॅसेंजरमध्ये दुपट्टा पसरून बसणारे असोत की पोळ्याच्या आगेमागे ओसरीवर जमणारे, मोठं पान लागलं की लहान चाल द्यायची आणि चार-पाच जणांना आत राहू द्यायचं, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं असतं. तीन पत्तीत ते बरोबरही आहे. तिथं तीन पानांच्या 22,100 जुळण्या होतात आणि त्यांतल्या 52 ट्रेलच्या, म्हणजे तीन सारख्या पानांच्या, असतात, म्हणजे ट्रेल 425 डावांत सरासरी एकदा. मुख्य म्हणजे वाटलेली पानं शेवटपर्यंत तीच राहतात. हातात राजांची ट्रेल असेल तर समोरचा कितीही वेळ बसला तरी त्याची जोडी वाढून तिची ट्रेल होत नाही. मग घाई कशाला करायची?

होल्डेम या पोकरच्या प्रकारात नेमकी हीच अट बदलते. तुमच्या हातात दोन पानं असतात आणि पाच पानं अजून टेबलावर उघडायची असतात. ती सगळ्यांची. त्या पाच पानांत समोरच्या प्रत्येकाला तुमच्या पुढं जायची संधी मिळते. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर शेवटपर्यंत गेली तर शंभरातले साधारण 85 डाव जिंकते. तीन जण समोर असतील तर 64. पाच असतील तर 49, म्हणजे नाणेफेकीपेक्षाही किंचित कमी. नऊ जणांच्या टेबलावर आठही जण राहिले तर 35. सर्वांत मोठं पान हातात असूनही तीनातले दोन डाव हरायचे, ही गोष्ट तीन पत्तीवाल्याला पटायला वेळ लागतो, कारण त्याच्या खेळात असं घडतच नाही.

कुणी म्हणेल, पाच जण आले तर पॉटही मोठा होतो. सगळ्यांच्या सगळ्या चिप्स आधीच मध्ये गेल्या असत्या, तर हा मुद्दा खरा ठरला असता. पण तुम्ही दबून बसलात आणि पाच जण 100-100 टाकून आत आले, तर पॉट उणापुरा 600 चा होतो आणि हिशेबाला 20,000 अजून बाहेर असतात. मोठ्या ब्लाइंडवाला तर फुकटात आत आलेला, त्याच्याकडे अठ्ठी-छक्की असेल की नव्वी-तिर्री, याचा तुम्हाला पत्ता नाही. पुढची तीन पानं उघडल्यावर आपण कुठं आहोत हे कळायला काही आधार उरत नाही. आधी रेज केलं असतं तर हलकी पानं पॅक झाली असती आणि जो राहिला त्याच्याकडे काहीतरी आहे एवढं तरी कळलं असतं.

म्हणून पहिल्या तासात एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा, हे चारही हात रेज करूनच खेळावेत असं माझं ठाम मत आहे. कुणीच आत आलं नसेल तर मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट, म्हणजे 300. आधी कुणी नुसते 100 टाकून बसले असतील तर त्या प्रत्येकामागे आणखी 100. आधीच कुणी 300 केले असतील तर 900 ते 1,200. सगळे पॅक झाले आणि तुम्हाला फक्त 150 मिळाले, तरी हळहळू नका. एक्क्यांची जोडी 221 डावांत एकदा येते. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, तेव्हा आठ तासांच्या बैठकीत ती जेमतेम एकदा दिसते. इतकी वाट पाहून आलेलं पान 150 वर संपलं याचं वाईट वाटतंच. त्या वाईट वाटण्यातूनच पुढच्या वेळी दबून बसायची इच्छा होते, आणि ती आवरायची असते.

दुसरी अर्धी गोष्ट, म्हणजे वेळ आली की तेच एक्के टाकून देणं, याहून अवघड आहे. एक डाव पाहू. तुम्ही एक्क्यांवर 300 केले, शेवटी बसलेल्या एकानं कॉल केला, बाकी गेले. पॉट 750. फ्लॉप, म्हणजे पहिली तीन उघडी पानं, पडला: इस्पिक राजा, चौकट अठ्ठी, किलवर छक्की. तुम्ही 500 लावले, त्यानं कॉल केला. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, बदाम दुर्री. तुम्ही 1,200 लावले आणि त्यानं शांतपणे 3,600 केले.

आता त्याच्या जागी बसून पाहा. त्याच्याकडे छक्क्यांची जोडी होती असं धरा. फ्लॉपवर तिची ट्रेल व्हायची शक्यता साडेआठात एक. सरळ हिशेबानं 300 घालणं तोट्याचं. पण लागली तर तुमच्या मागे 20,000 आहेत, त्याच्या 300 च्या सहासष्ट पट. तुम्ही एक्क्यांच्या प्रेमात पडून सगळे देणार असाल, तर त्याचा कॉल अगदी बरोबर ठरतो. ट्रेल लागलेलीच असेल तर तुम्हाला वाचवायला न दिसलेल्या 44 पानांत दोनच एक्के उरलेत, शंभरात साडेचार.

या घटकेला तुमचे 2,000 गेलेले आहेत आणि 18,000 हातात आहेत. मोठ्या ब्लाइंडच्या 180 पट. स्पर्धेत अजून काहीच बिघडलेलं नाही. पहिल्या तासात, एवढ्या खोल चिप्स असताना, एरवी गप्प असलेला माणूस टर्नवर रेज करतो तेव्हा त्याच्याकडे एका जोडीहून जास्त असतं, असंच मी धरतो आणि एक्के टाकतो. उघड्या पानांवर एक्के टाकणं भल्याभल्यांना जमत नाही. पण टेबलावर पाच पानं आली की एक्क्यांची जोडी म्हणजे अखेर एक जोडीच. शिवाय ओसरीवरच्या डावात हरलेला माणूस खिशातून पुन्हा पैसे काढून बसतो. पुन्हा प्रवेश नसलेल्या स्पर्धेत ती सोय नाही. जिंकणारा सगळ्या चिप्स गोळा करतो पण बक्षिसाचा एक हिस्साच घेतो, त्यामुळे गमावलेल्या 20,000 चिप्सची किंमत कमावलेल्या 20,000 हून जास्त असते. सुरुवातीला हा फरक बारीक असतो, बक्षिसं जवळ आली की भलताच वाढतो.

एक्का-राजाबद्दल थोडं वेगळं. ही जोडी नव्हे. फ्लॉपवर तिला जोडी मिळते ती साधारण तीनदा खेळल्यावर एकदा, आणि राण्यांच्या जोडीसमोर ती निम्म्याहून थोडी मागेच असते. रेज जरूर करा, पण पहिल्या तासात त्यावर सगळ्या चिप्स सारू नका. एक्का-गुलाम, राजा-राणी हे हात दिसतात त्याहून हलके आहेत. पुढं कुणी रेज केलं असेल तर सरळ पॅक.

सराव काड्यापेटीच्या काड्यांवर करा, हे दर भागात सांगतो आणि आजही कळकळीनं सांगतो. आपल्याकडे पैशाच्या डावाला 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आणि मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं बंदी घातली. मांडवीवरच्या बोटींतल्या कॅसिनोंचा कायदा गोव्याचा, आपला नव्हे. गणित मात्र काड्यांवरही तेवढंच खरं उतरतं. चौघं जमवा, प्रत्येकाला दोनशे काड्या द्या, आणि मोठ्या हातांची वही ठेवा: किती जण समोर होते, किती गेलं, किती आलं.

पुढच्या आठवड्यासाठी एक डाव देतो. ब्लाइंड 100 आणि 200, तुमच्याकडे 20,000. सर्वांत आधी बोलणाऱ्यानं 500 केले, त्याच्या शेजाऱ्यानं 1,600. तुमच्या हातात राण्यांची जोडी आहे आणि तुमच्यामागे अजून तिघं बोलायचे आहेत. कॉल, रेज की पॅक, हे कारणासह लिहून ठेवा.