झेडपीच्या शाळेत बाजार, बाग आणि निवडणूक : मग अभ्यास कधी होतो?

दर हिवाळ्यात असा एखादा व्हिडिओ मोबाईलवर फिरत येतोच. जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण, पोत्यावर मांडलेल्या मेथीच्या जुड्या, शेजारी चिंचा, बोरं, भेळ. तिसरी-चौथीतली पोरं घसा ताणून गिऱ्हाईक बोलावतायत आणि गावातल्या बायका त्यांच्याशी घासाघीस करतायत. खाली कमेंटचे दोन गट पडलेले असतात. एक म्हणतो, "झेडपीच्या शाळेचा नाद नाय करायचा." दुसरा विचारतो, "भाजीच विकायची तर शाळेत कशाला पाठवायचं?"

दुसऱ्या गटाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घराकडे इंग्रजी शाळेची फी भरायला पैसे नाहीत, त्या घराला आपल्या पोराचा दिवस वाया जातोय का, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. म्हणून हे उपक्रम येतात कुठून, त्यातून मूल नेमकं काय शिकतं आणि ते नुसतं फोटोपुरतं कधी उरतं, हे नीट समजून घ्यायला हवं.

ही शाळा चालते कशी?

महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, तालुक्यातल्या एका भागासाठी, म्हणजे बीटसाठी विस्तार अधिकारी आणि जवळपासच्या काही शाळा मिळून एक केंद्र. त्या केंद्राचा केंद्रप्रमुख. मुंबईहून निघालेलं परिपत्रक या पायऱ्या उतरत वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत पोचतं. त्या शाळेने केलेल्या कामाचा फोटो याच पायऱ्या चढून वर जातो.

या साखळीत आणखी एक घटक आहे, तो म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे शाळेत काय चाललंय हे विचारायला पालकांना कुणाची परवानगी लागत नाही. कायद्याने ती खुर्ची त्यांचीच आहे.

हे नवीन फॅड आहे का?

नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथे गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, ही कल्पना मांडली. सूत कातताना मोजमाप, हिशेब, भूगोल असं सगळं शिकवता येतं, हा तिचा गाभा. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं गुरं राखायला रानात जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी शाळाच रानात नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलाचं जगणं बाजूला ठेवून शिकवता येत नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला तेव्हापासून माहीत आहे.

कायद्यात हे 2009 साली आलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये कृती, शोध आणि स्वतः धांडोळा घेत शिकणं, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच्या पुढच्या वर्षी, 20 ऑगस्ट 2010 रोजी, राज्याने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. इथे बहुतेक पालकांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट आहे. या पद्धतीत मूल्यमापनाचे दोन भाग झाले. सत्राच्या शेवटी होणारं ते संकलित, आणि वर्षभर शिकता शिकता होणारं ते आकारिक. आकारिकची साधनं आठ : निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा 70 टक्के ठेवला गेला, तिसरी-चौथीला 60, पाचवी-सहावीला 50 आणि सातवी-आठवीला 40.

थोडक्यात, उपक्रम आणि प्रकल्प हे अभ्यास संपल्यावर करायचं मनोरंजन नव्हे. ते गुणपत्रकाचाच भाग आहेत.

उपक्रम आणि प्रकल्प यात फरक काय?

बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण फरक आहे. उपक्रम बहुतेक वेळा शिक्षक ठरवतात आणि सगळा वर्ग मिळून करतो. रोज एक इंग्रजी शब्द, परिपाठात बातम्या वाचणं, शब्दांच्या भेंड्या हे झाले उपक्रम. प्रकल्प मात्र एका प्रश्नापासून सुरू होतो. "आपल्या वाडीत किती विहिरी आहेत आणि कुठली कधी आटते?" असा प्रश्न घेऊन मुलं घरोघर फिरली, म्हाताऱ्या माणसांशी बोलली, नोंद केली, तक्ता केला आणि शेवटी वर्गासमोर मांडलं, तर तो प्रकल्प. बाजारातून विकत आणलेली चित्रं चार्ट पेपरवर डिंकाने चिकटवली तर तो प्रकल्प होत नाही, कारण त्यात शोधायला काहीच नव्हतं. आणि घरी आईने रात्री अकरा वाजता करून दिलेला प्रकल्प आईचा असतो.

बालबाजारात मूल शिकतं काय?

समजा, चौथीतल्या एका मुलीने 8 रुपयांना एक अशा मेथीच्या 20 जुड्या घेतल्या. खर्च 160 रुपये. पिशव्यांचे 10 रुपये धरले तर 170. सकाळी 15 रुपयांनी 12 जुड्या गेल्या, 180 रुपये आले. दुपार झाली, पाला सुकायला लागला, गिऱ्हाईक पुढे सरकायला लागलं. तिने भाव 10 वर आणला आणि आणखी 6 जुड्या खपवल्या. 60 रुपये आले. 2 जुड्या राहिल्या त्या घरी. हाती 240, खर्च 170, नफा 70 रुपये.

ती 15 रुपयांवरच अडून बसली असती, तर 180 मधून 170 वजा जाऊन हातात 10 रुपये उरले असते. भाव पाडूनही फायदा कसा होतो, नाशवंत मालाचं गणित वेगळं का असतं आणि आपला बाप टोमॅटो पडेल त्या भावाने का विकून येतो, हे तिला एका दिवसात कळतं.

पण यासाठी एक अट आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात तो हिशेब फळ्यावर आला पाहिजे. प्रत्येकाने आपला जमाखर्च वहीत मांडला पाहिजे, तोटा कुणाला झाला आणि का, यावर बोललं पाहिजे. बाजार झाला, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकाचं पान 47 उघडलं, तर ती जत्रा झाली. मजा आली, गणित तसंच राहिलं.

परसबागेतलं क्षेत्रफळ

शाळेत शिजणाऱ्या पोषण आहारासाठी परसबाग करायला अनेक शाळांनी सुरुवात केली. पालक, मेथी, वांगी, शेवगा, कढीपत्ता, जागा असेल तसं. ही भाजी मुलांच्याच ताटात येते, हा पहिला फायदा.

दुसरा फायदा वहीत दिसतो. वाफा 12 फूट लांब आणि 4 फूट रुंद. कुंपण घालायचं तर किती फूट जाळी लागेल? चारी बाजूंची बेरीज 32 फूट. ही परिमिती. वांग्याची रोपं दोन-दोन फुटांवर लावायची तर किती बसतील? वाफ्याचं क्षेत्रफळ 48 चौरस फूट, एका रोपाला 4 चौरस फूट, म्हणजे 12 रोपं. परिमिती आणि क्षेत्रफळ यात कित्येक मुलांचा घोळ होतो, कारण दोन्ही ठिकाणी आकडे तेच असतात. एकदा जाळी आणली आणि रोपं लावली की हा घोळ सहसा राहत नाही.

शालेय मंत्रिमंडळ कशासाठी?

अनेक शाळांत जून-जुलैमध्ये मंत्रिमंडळाची निवडणूक होते. अर्ज, माघार, चिन्ह, प्रचार, बोटाला शाई. काही ठिकाणी मोबाईललाच मतदान यंत्र करतात. निवडून आलेल्याला खातं मिळतं : पाणी, स्वच्छता, ग्रंथालय, आहार.

यातली खरी शाळा निकालानंतर सुरू होते. पाणीमंत्र्याला टाकी भरली नाही म्हणून परिपाठात प्रश्न विचारता येतो का? मुलींना फक्त स्वच्छता खातं मिळतं की मुख्यमंत्रीपदही? झाडू फक्त ठरावीक मुलांच्याच हातात दिसतो का? याची उत्तरं नीट असतील तर नागरिकशास्त्राचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. नसतील तर मुलं तेच शिकतात जे गावच्या निवडणुकीत बघतात.

एका शाळेचं सगळ्या जिल्ह्याचं कसं होतं?

एखादी शाळा चमकणं आणि सगळ्या शाळा बदलणं, यात मोठं अंतर आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकण्याचा त्यांचा प्रयोग पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आला. बक्षिसाच्या 10 लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. 2025 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या जालिंदरनगरच्या झेडपी शाळेने जागतिक पातळीवर लोकांच्या मतांवर दिला जाणारा उत्कृष्ट शाळेचा पुरस्कार मिळवला. तिथे मुलंच एकमेकांना विषय शिकवतात.

मात्र प्रसाराचं उदाहरण म्हणून सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट जास्त शिकवून जातं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी एका शाळेवर न थांबता अख्ख्या बीटमधल्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत आणली. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं, शिक्षकाने त्याला साहित्य आणि संधी द्यायची, हा त्या पद्धतीचा अर्थ. वर्गाच्या जमिनीवर अंक आणि अक्षरं आखली गेली, खडे, काड्या, चिंचोके हे साहित्य झालं. राज्यभरातून शिक्षक बघायला आले.

मग झालं काय, की बऱ्याच ठिकाणी फरशी रंगवली गेली, पण तिच्यावर मुलांना बसवून काम करून घेण्याची पद्धत मागे राहिली. रंग कॉपी करता येतो. शिक्षकांनी आपसात बसून रोज केलेली चर्चा कॉपी करता येत नाही. जिल्हाभर उपक्रम नेताना घोडं नेमकं इथेच अडतं.

गुरुजींची अडचण

कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत पट असेल तर शिक्षक दोन. म्हणजे दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. त्यात आज या दिनाचा फोटो, उद्या त्या सप्ताहाची लिंक, परवा अहवाल. कार्यक्रम अर्ध्या तासाचा आणि तो अपलोड करायला तास, कारण वाडीत रेंज नाही. कलम 27 शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावू नये म्हणतं. पण उपक्रमाचा फोटो हे शैक्षणिक काम की अशैक्षणिक, हे कायद्यात लिहिलेलं नाही.

याची किंमत मोठी आहे. असर 2024 च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी फक्त 23.4 टक्क्यांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. वाचता न येणारं मूल बाजारात मेथी विकेल, पण भावाची पाटी दुसऱ्याकडून लिहून घेईल. म्हणून वाचन की उपक्रम, असा सामना लावण्यात अर्थ नाही. पाटी लिहिणं, हिशेब मांडणं, विहिरीची माहिती वाचून दाखवणं हे उपक्रमातच घडलं पाहिजे. ते घडत नसेल तर दिवस वाया गेला, असं म्हणायला हरकत नाही.

पालकांनी विचारायचे चार प्रश्न

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, किंवा पोराला आणायला गेल्यावर गुरुजींना किंवा बाईंना हे सहज विचारता येतं.

1. हा उपक्रम कुठल्या धड्याशी जोडलाय?

2. माझ्या मुलाने त्याबद्दल स्वतःच्या हाताने काय लिहिलं? वही दाखवाल?

3. मागे बसणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलांच्या वाट्याला कुठलं काम आलं?

4. यातून जे जमलं नाही, ते परत कधी घेणार?

चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, कुणीतरी फोटोच्या पलीकडचं विचारलं याचं बरं वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी मेथी विकणाऱ्या पोरीचा व्हिडिओ आला तर लाईक जरूर करावा. पण ती पोर आपल्या गावातली असेल तर दुसऱ्या दिवशी तिला एवढंच विचारावं, "काल किती सुटले गं?" तिने बोटं मोडत, खर्च वजा करून बरोबर आकडा सांगितला, तर कमेंटमधल्या दुसऱ्या गटाला उत्तर मिळालं असं समजायचं.