कांडीआधी कडबा

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडे गाय हंबरू लागली, सोट टाकू लागली की आता वळू शोधत फिरावे लागत नाही. फोन जातो आणि दुचाकीला नायट्रोजनचा कंटेनर बांधून रेतन करणारा गोठ्यात येतो.

कंटेनर दिसतो दुधाच्या कॅनसारखा. आत उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडालेल्या कांड्या. एका कांडीत पाव मिलिलिटर वीर्य, साधारण २ कोटी शुक्रजंतू. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची, पुसायची, टोक कापायचे, गनमध्ये बसवायची आणि गर्भाशयमुखाच्या जरा पुढे वीर्य अलगद सोडायचे. वीर्य असे गोठवणे शक्य झाले ते १९४९ साली इंग्लंडमध्ये ग्लिसरॉलचा गुण सापडल्यावर. आपल्याकडे दारोदार रेतनाची सेवा रुजवण्यात मोठा वाटा मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला उभारलेल्या बाएफ या संस्थेचा.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. गाभ राहिला नाही तर गाय साधारण २१ दिवसांनी उलटते. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो. पहाटे नि रात्री गोठ्यात चक्कर मारणाऱ्यालाच तो कळतो.

पण चांगली कांडी म्हणजे चांगले दूध, हा हिशेब अर्धा आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंगांनी यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात अनुदानावर दुधाळ जनावरेही होती. अनेक घरांना त्या गाईंचे खाणे पेलले नाही आणि त्या विकाव्या लागल्या. दोष गाईंचा नव्हता. ज्वारी गेली, तिच्यासोबत कडबा गेला. कापसाच्या रानात गाईसाठी उरते काय? ४०० किलोच्या दुभत्या गाईला रोज १० ते १२ किलो सुका चारा-खुराक धरावा लागतो, आणि त्यातला मोठा भाग वैरणच हवी. म्हणून मला वाटते, संकरित गाय आणण्याआधी धुऱ्यावर गवत नि थोड्या रानात चाऱ्याची ज्वारी हवी. ते जमत नसेल तर विदर्भाच्या उन्हाला सरावलेली नागपुरी म्हैस बरी.

गव्हांड्यालाही कस आणता येतो. १०० किलोंना ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडायचा, दाबून २१ दिवस हवाबंद ठेवायचे. उघडल्यावर वास उडू द्यायचा, मगच घालायचे. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे देऊ नये आणि युरिया नुसता कधीच घालू नये. सरकीची ढेप इथे हाताशी असते, पण तिच्यातले गॉसिपॉल लहान वासरांना बाधते; त्यांचा वाटा तुरीच्या चुरीतून काढावा. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे, कारण वारंवार उलटणाऱ्या गाईंपैकी कितीतरींचे दुखणे गव्हाणीत असते.

कालवडीचेही तेच. तिला पहिल्यांदा भरवायचे ते नुसते वय मोजून नव्हे. संकरित कालवड साधारण २५० किलोची झाली की. तोवर छातीचा घेर दर महिन्याला फितीने मोजून भिंतीवर लिहून ठेवावा.