पहाटेचा सामू, दुपारचा सामू

शेततळ्याच्या पाण्याचा अहवाल आला की बहुतेकांची नजर थेट शेवटच्या रकान्यावर जाते, 'योग्य' की 'अयोग्य'. मी आधी नमुना घेतल्याची वेळ शोधतो. ती बहुधा लिहिलेलीच नसते.

आमच्याकडची तळी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली. पावसाळ्यात विहिरीचं पाणी उपसून भरायची, उन्हाळ्यात डाळिंबाला द्यायची, मधल्या काळात त्यातच रोहू-कटला. शेजारच्या अण्णांच्या तळ्याचा अहवाल परवा पाहिला. सामू ८.९, एकूण अमोनिया १ पीपीएम. बाटली भरली होती दुपारी तीनला, आणि पाणी हिरवंगार. असलं शेवाळ दिवसभर उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून सामू चढतो. रात्री तो वायू पुन्हा साठतो, सामू उतरतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथेच मोजला तर ७.७ भरला. दोन्ही आकडे खरे.

गोची अमोनियाची. अहवालात असतो तो एकूण आकडा. त्यातला किती भाग माशांच्या जिवावर उठतो हे सामू आणि तापमान ठरवतात. ३० अंशांच्या पाण्यात सामू ८ असताना साधारण साडेसात टक्के, ९ झाला की ४५ टक्क्यांच्या घरात. पहाटे खपून जाणारा तोच १ पीपीएम दुपारी माशांना सोसवत नाही.

विरघळलेल्या प्राणवायूचं उलटं. तो पहाटे सर्वांत कमी, आणि नुसती बाटली भरून प्रयोगशाळेत धाडली तर वाटेतच बदलतो. म्हणून काठावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. आकडा नंतर निघतो, पण तळ्याची तब्येत तिथंच कळते. मला ही जुनी पद्धत मीटरपेक्षा जास्त पटते.

अल्कलिनिटीचा रकाना मात्र कुणी वाचत नाही. ती कमी असली की सामू फार झोके घेतो. कागदाच्या तळ्यात पाण्याला माती लागतच नाही, त्यामुळे पाण्याने सोबत आणलं तेवढंच. काळ्या पाषाणातल्या विहिरीचं पाणी बऱ्यापैकी घेऊन येतं. नुसत्या पावसावर भरलेलं तळं उणं पडतं.

"मग चुना मारू का?" अण्णांनी विचारलं.

"नको. सामू आणखी चढेल. आठवडाभर खाद्य निम्मं करा; अमोनिया त्यातूनच येतोय."

"पण माशांचं वजन?"

"घटेल थोडं."